पहिल्या पाण्याची माती

“आत्यांना ‘हो’ म्हणायच्या आधी, कशाला ‘हो’ म्हणतेयस ते विचारत जा,” असं सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं. म्हणून त्या सोमवारी सकाळी आत्या खांद्यावर फावडं टाकून दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, “काय गं, बाबागाडी रिकामी आहे का?” तेव्हा मी आपलं सरळ सांगून टाकलं, “हो, आहे की.”

“मग काढ बाहेर. गोटीला पोटाशी बांध. टोपी घाल. तिला पण आणि तुला पण.”

“कुठे जायचंय?”

“माती आणायला.”

“कसली माती?”

“वाटेत सांगते. तो जेसीबीवाला येऊन टपकायच्या आत पोचलं पाहिजे.”

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. सगळी नोकरी मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत झाली. तळघरात, वाफेत, चादरींच्या ढिगाऱ्यांत. निवृत्त झाल्यावर माणसं पाय पसरून बसतात. आत्यांचं चालणं उलट आणखी वाढलं. त्या पुढे, मी मागे, पोटाशी माझी तान्ही गोटी आणि समोर रिकामी बाबागाडी खडखडत चाललेली. गोटीला वाटलं ही तिच्यासाठीच काढलेली मिरवणूक. ती पाय झाडून खिदळत होती. मला अजून काहीच कळलं नव्हतं, पण खरं सांगते, धावायला मजा येत होती. बाळ झाल्यापासून मी रस्त्यात धावले नव्हते.

गोटीच्या बाबतीत मी जरा अतीच करते असं सगळ्यांचं मत आहे. असेल. तिच्या आधीचं एक राहिलं नाही. पोट दिसायलाही लागलं नव्हतं तेव्हाच गेलं. तेव्हापासून झोपलेल्या माणसाचा श्वास तपासायची मला सवय लागली आहे. नवऱ्याचाही तपासते. तो एकदा दचकून उठला आणि म्हणाला, “आहे गं, जिवंत आहे, उद्या ऑफिसला पण जायचंय.”

“आता ऐक,” आत्या वळणावर थांबून म्हणाल्या. “आपलं चर्च काल बंद झालं.”

“हो. मी होते की.”

“बिशपसाहेबांनी वाचलं ते इमारतीचं. मागच्या मातीचं कुठे काय वाचलं?”

चर्च बंद झालं म्हणजे नुसतं कुलूप लागलं असं नव्हे. आमच्यात ते रीतसर करतात. भिंतींना तडे गेले होते, मंडळी विरळ झाली होती, जागा एका फर्निचरवाल्याने घेतली होती. रविवारी शेवटची उपासना झाली. वेदीजवळचा दिवा विझवला. वेदी उचलून बाहेर नेली. मग बिशपसाहेबांनी वाचून दाखवलं की आजपासून ही जागा देवाच्या कामासाठी राखलेली नाही, इतर कुठल्याही इमारतीसारखी ती एक इमारत आहे. मी मागच्या बाकावर होते. ते वाक्य संपल्यावर मी वर छताकडे पाहिलं, काहीतरी बदललेलं दिसेल म्हणून. तोच तडा होता, तीच कोळिष्टकं.

आणि मागच्या मातीचं म्हणाल, तर त्यासाठी आत्यांचं शनिवारचं काम ठाऊक हवं. प्रभुभोजनाचा प्याला ज्या पांढऱ्या कापडाने पुसतात, त्यावर द्राक्षारसाचे थेंब राहतात. आमच्या श्रद्धेने तो नुसता द्राक्षारस नसतो. म्हणून ते कापड पहिल्यांदा खळबळलेलं पाणी मोरीत जाऊ देत नाहीत. गटाराशी ज्याची गाठ पडणार नाही अशा मातीत ते ओततात. दुसऱ्या पाण्यापासून मग साबण लावा, नीळ घाला, काय हवं ते करा. आमच्या चर्चची ही कापडं कित्येक वर्षं आत्याच धूत होत्या आणि पहिलं पाणी मागच्या भिंतीलगत, एकाच जागी ओतत होत्या. तिथे झाड नाही, दगड नाही, खूण नाही. एखाद्या चटईएवढी माती.

“नेमकी तिथेच ते फर्निचरच्या शोरूमवाले संडासाची टाकी खणणार,” आत्या म्हणाल्या. “काल संध्याकाळी चुन्याने चौकोन मारून गेलेत. अगदी त्याच्यावर!”

“पण आत्या, इतक्या वर्षांत ते पाणी कुठल्या कुठे मुरलं असेल. पावसाने वाहून गेलं असेल. मातीत काही राहिलेलं नसणार.”

“तू विज्ञान शिकलीस ना कॉलेजात?”

“हो.”

“दंडात जोर आहे ना?”

“आहे.”

“मग फावडं धर.”

चर्चच्या मागे कुणी नव्हतं. चुन्याचा चौकोन पांढराशुभ्र होता, आत्यांनी धुतल्यासारखा. आत्यांनी खणायला सुरुवात केली आणि मी माती बाबागाडीत भरायला. खाली प्लास्टिक अंथरलं होतं, तरी माझा जीव वरखाली होत होता. ही गाडी मी रोज ओल्या फडक्याने पुसायचे. वरची माती भुसभुशीत निघाली, गाडी बघता बघता भरली, आणि तेवढ्यात घर्रर्र करत जेसीबी फाटकातून आत आला.

“ओ बाई, बाजूला व्हा!” ड्रायव्हरने वरूनच आरोळी मारली. “साहेबांना आज खड्डा पाहिजे.”

“कुठल्या साहेबांना?” आत्या.

“ज्यांची जागा त्यांना.”

“जागा त्यांची, कबूल. पण निघालेली माती तुम्ही फेकूनच देणार ना?”

तो जरा विचारात पडला. “फेकणारच. पण मग हाताने कशाला मरताय? मी एक खोरं मारतो, डंपरभर घेऊन जा.”

“मला डंपरभर नको. मला हीच हवी. आणि हातानेच.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. घरातलं एखादं माणूस भ्रमिष्ट असलं की लोक सोबतच्याकडे बघतात ना, तसं. मी फावडं जमिनीत रोवलं आणि म्हटलं, “मी यांच्याबरोबरच आहे.”

“ते दिसतंय,” तो म्हणाला. त्याने मशीन बंद केलं, सीटखालून डबा काढला. “जेवून घेतो मी. तेवढ्यात उरका. नंतर ऐकायचो नाही.”

पहिली खेप घेऊन मी निघाले. “नव्या चर्चला ने,” आत्यांनी सांगितलं. “तिथे कुठे ठेवायची?” “ते तू बघ, तुझे डोळे चांगले आहेत.” त्या खणत राहिल्या.

औषधाच्या दुकानातली बाई दारातच उभी होती. तिच्याकडून मी थर्मामीटर दोनदा बदलून आणला होता, त्यामुळे ती मला चांगली ओळखायची. “बघू बघू, कोण निघालंय फिरायला?” म्हणत ती गाडीवर वाकली आणि ताठ झाली. “अगं बाई! माती?”

“हो.”

“आणि बाळ?”

मी पोटाशी बोट दाखवलं. गोटीने तिला मुठीतलं ढेकूळ देऊ केलं. मी ते झटकन काढून घेतलं, तिची बोटं पुसली, पुन्हा पुसली.

“मला वाटलं आता कुंडीत लावताय की काय पोरीला,” ती म्हणाली आणि हसत आत गेली.

नवं चर्च म्हणजे टायरच्या दुकानावरचा हॉल. बाजूने लोखंडी जिना वर जातो. रविवारी बिशपसाहेब येऊन ती जागा पवित्र करणार होते. मी गाडी थांबवली, इकडेतिकडे बघितलं आणि माझा चेहरा पडला. खाली फरशी, पुढे डांबर, वर सिमेंट. मातीचा कण नव्हता कुठे.

टायरवाला हात पुसत बाहेर आला. मोठा आवाज, मोठं पोट. त्याचा आमच्या धर्माशी काही संबंध नव्हता, पण हॉल भाड्याने दिल्यापासून तो आम्हाला आपलं माणूस समजायला लागला होता. “या या! रविवारपासून तुमचा देव माझ्या डोक्यावर राहायला येतोय. आज सामान आलं वाटतं?”

मी त्याला धापा टाकतच सगळं सांगितलं. प्याला, कापड, पहिलं पाणी, संडासाची टाकी. तो पान्ह्याने कान खाजवत ऐकत राहिला.

“म्हणजे ते पाणी गटारात जायला नको.”

“हो.”

“आणि पायाखाली पण यायला नको.”

“नाही आलं तर बरंच.”

“मग असं सरळ बोला ना ताई!” तो आत गेला आणि ट्रॅक्टरचा भलाथोरला जुना टायर ढकलत बाहेर आला. “हा कधीपासून माझ्या वाटेत पडलाय. विकला जात नाही, हलत नाही, जागा अडवून बसलाय. घरजावईच नुसता!” त्याने तो जिन्याच्या पायथ्याशी आडवा पाडला. मग एकदम काहीतरी सुचून पुन्हा उचलला. “थांबा, खाली फरशी आहे. पाणी तुंबेल. मातीला माती लागायला हवी ना?” आणि मी हो म्हणायच्या आत पहार आणून त्याने फरशी उखडायला घेतली. ठिणग्या उडाल्या. गोटी टाळ्या वाजवायला लागली. मी तिचे कान झाकले, तिने माझे हात काढले, मी पुन्हा झाकले.

माती त्या गोल भोकात पडली तेव्हा मला इतका आनंद झाला, की बाबागाडी तशीच उधळवत परत निघाले. आता पुन्हा खेप, पुन्हा खेप, होईल सगळं होईल!

चर्चच्या मागे पोचले तर आत्यांसमोर पाळकसाहेब उभे होते. तरुण, नवीनच आलेले, सतत नाकावरून घसरणारा चष्मा. ते राहिलेली गाण्याची पुस्तकं न्यायला आले होते आणि त्यांना चर्चच्या मागे खड्डा सापडला होता.

“आत्या, तुम्हाला वाईट वाटावं म्हणून बोलत नाही मी,” ते म्हणत होते. “पण देव काही मातीत अडकून बसत नाही हो. माणसं त्याच्या नावाने जमतात, तिथे तो येतो. पवित्र माणसं असतात, जागा नसते. माणसं उठून गेली की जागा मोकळी.”

“मोकळी?” आत्यांनी फावडं थांबवलं.

“मोकळी.”

“मग बिशपसाहेब रविवारी त्या हॉलवर पाणी शिंपडायला कशाला येतायत? माणसांवरच शिंपडा की.”

पाळकसाहेब हसले. “तो मुद्दा बरोबर आहे तुमचा. पण तेही माणसांसाठीच असतं. आपल्याला आठवण राहावी म्हणून, की ही जागा आपण दिली, आता परत घ्यायची नाही.”

“मीही हेच म्हणतेय! दिलेलं परत घ्यायचं नाही.”

“पण इथली माणसं आता दुसरीकडे जाणार ना आत्या.”

“आणि सगळी गेलीच नसतील तर?”

पाळकसाहेबांना वाटलं त्या आठवणींबद्दल बोलतायत. मलाही तसंच वाटलं. मला त्यांचं पटत होतं आणि आत्यांचंही पटत होतं; मी वादात नेहमी दोन्ही बाजूंना मान हलवते. तिकडे जेसीबीवाला डब्याचं झाकण बोटाने पुसत होता.

“वाद नंतर घाला,” मी ओरडले, “तो जेवण संपवतोय!”

पाळकसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, आत्यांकडे पाहिलं, कोट काढून पुस्तकांच्या खोक्यावर टाकला आणि बाह्या वर केल्या. “द्या इकडे ते फावडं. पण माझं म्हणणं मी मागे घेतलेलं नाही.”

“नका घेऊ. खणा.”

दुसरी खेप झाली, तिसरी झाली. पाळकसाहेबांना खणता येत नव्हतं, पण जोर होता. टायर अर्धा भरला. मी घामाने निथळत होते, गोटी पोटाशी झोपून गेली होती, आणि मला वाटत होतं आपण जिंकलो. थोडंसंच राहिलं होतं, खालची जरा घट्ट माती. पाळकसाहेब दम खायला बसले म्हणून फावडं मी घेतलं आणि पायाने दाबलं.

“तिथे नको!” आत्या किंचाळल्या. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “तिथे फावडं नको गं. थांब. मी काढते.”

फावड्याच्या टोकाला कापड लागलं होतं. जाड, कधीकाळी पांढरं, आता चहाच्या रंगाचं. कडेला इस्पितळाची निळी शिलाई. बाकीचं विरून गेलं होतं. शिलाईची कड आणि एक गाठ तेवढी राहिली होती. घट्ट, नीट मारलेली गाठ.

“ही उशीची खोळ आहे,” मी म्हटलं.

“हो.” आत्या गुडघ्यांवर बसल्या. “अजून आहेत. हळू.”

पाळकसाहेब उठून जवळ आले. आत्यांनी वर पाहिलं नाही. मातीशीच बोलावं तशा त्या बोलल्या.

“बायकांच्या वॉर्डातून चादरी यायच्या. गुंडाळून, घाईघाईत. नर्सना दोष नाही द्यायचा हं. त्यांनी बाई सांभाळायची की चादर बघायची? मशीनमध्ये टाकायच्या आधी मी प्रत्येक चादर उघडायचे. कात्री निघायची, चमचा निघायचा. एकदा कुणाची कवळी निघाली. आणि कधी कधी… एवढंसं.”

त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर काही नव्हतं. तरी बोटं जराशी वाकवून धरली होती, काही घरंगळू नये म्हणून.

“वर कळवलं नाही तुम्ही?” पाळकसाहेबांनी हळूच विचारलं.

“पहिल्यांदा कळवलं. ते म्हणाले, एवढ्या लहानाची नोंद होत नाही, टाकून द्या. वाईट माणसं नव्हती, त्यांचा नियमच तसा. पण टाकून द्या म्हणजे कुठे हो? त्या तळघरात टाकायची एकच जागा होती. मोरी.”

आत्यांनी गाठीवरची माती बोटाने झटकली.

“दफनभूमीत कोण घेणार? नाव नाही, बाप्तिस्मा नाही. मग मी इथे आणायचे. खोळीत बांधून, डब्याच्या पिशवीतून. आणि शनिवारचं पहिलं पाणी वरून ओतायचे. बाप्तिस्मा देणारी मी कोण? तो अधिकार नाही मला, ठाऊक आहे. म्हणून तोंडाने काहीसुद्धा म्हणायचे नाही. नुसतं पाणी ओतायचे. प्रभूच्या प्याल्याचं होतं ते. पुढचं त्याचं त्याने बघावं.”

“आधीच्या पाळकांना तरी सांगायचंत.”

“सांगितलं असतं तर त्यांना ‘नाही’ म्हणावं लागलं असतं. भला माणूस होता. कशाला अडचणीत टाकायचं त्याला?”

मी खाली बसले. मला जे विचारायचं होतं त्याचा एकच शब्द बाहेर आला. “आत्या, माझं…?”

आत्यांनी मातीचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. “नाही गं पोरी. तुझ्या वेळी माझी नोकरी संपली होती. मी गेले होते खाली विचारायला, तू वर वॉर्डात झोपली होतीस तेव्हा. नवीन बाई होती. म्हणाली, आता सगळं बंद पिशव्यांतून परस्पर जातं. तुझं मला सांभाळता आलं नाही.”

मी गोटीच्या नाकाशी बोट धरलं. श्वास होता, गरम, नेहमीसारखा. मग मी हातमोजे काढले. जंतूंच्या भीतीने घातले होते ते. आणि उघड्या हातांनी माती बाजूला करायला लागले. पलीकडे पाळकसाहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि तेही ओणवे झाले. एकेक गाठ वर येत होती. आत काही उरलेलं नव्हतं, मातीच होती. पण आम्ही ती मातीसकट ओंजळीने उचलून बाबागाडीत ठेवली, जिथे गोटीचं डोकं असतं त्या बाजूला. किती होत्या ते कुणी मोजलं नाही. मी मुद्दामच मोजलं नाही.

मागे पावलं वाजली. जेसीबीवाला. तो कधीपासून तिथे उभा होता कोण जाणे. मी गाडीवर हात आडवा धरला. आता हा ‘बाजूला व्हा’ म्हणाला तर मी काय करीन ते माझं मलाच सांगता आलं नसतं.

“साहेबांचा फोन होता,” तो म्हणाला. “सांगितलं त्यांना, मशीनचा पाइप फुटलाय.”

“फुटलाय?” पाळकसाहेब.

“तुमचं होईपर्यंत फुटलेलाच आहे.” तो खड्ड्यात उतरला आणि आत्यांना म्हणाला, “मावशी, कुठपर्यंत खणलं होतंत तुम्ही त्या वेळी? दाखवा. एक पण राहायला नको.”

शेवटची खेप आम्ही सगळ्यांनी मिळून नेली. पाळकसाहेब पुढे, पोलिसासारखे हात आडवे करून गाड्या थांबवत. मी मध्ये, बाबागाडी ढकलत. एवढी हळू मी ती गोटीसाठीही कधी ढकलली नव्हती. जेसीबीवाला दोन बादल्या माती घेऊन. आणि आत्या गाडीच्या दांड्याला एक हात लावून. काहीतरी फार मोठं आपण भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घेऊन चाललोय, आणि कुणाला पत्ता नाही!

औषधाच्या दुकानातली बाई पुन्हा पायरीवर आली. “अजून मातीच का?” ती वाकायला लागली.

“झोपलीत,” मी म्हटलं.

“कोण?”

“हळू बोला ना जरा.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग, का कोण जाणे, तिने खरंच आवाज खाली आणला. “बरं, जा जा. ऊन लागेल,” ती कुजबुजली आणि गाडीचं छत्र स्वतःच्या हाताने पुढे ओढून दिलं.

टायरवाल्याने आमच्याकडे पाहिलं आणि त्या दिवसात पहिल्यांदाच विनोद केला नाही. आम्ही गाठी टायरच्या मध्यभागी ठेवल्या, वर उरलेली माती लोटली. पाळकसाहेब काहीतरी पुटपुटले. मोठ्याने म्हटलं नाही. आत्यांनी ‘आमेन’ म्हटलं, तेही मनातच, नुसते ओठ हलले.

रविवारी अख्खी मंडळी जिन्याखाली जमली. बिशपसाहेबांची वाट बघत सगळे टाचा उंचावत होते. टायरवाल्याने दुकान बंद ठेवून धुतलेला शर्ट घातला होता. नव्या जागेची आमची रीत अशी, की बिशप हातातल्या काठीने बंद दार ठोठावतात, आतून दार उघडतं, आणि मग ते पाणी शिंपडत आत जातात. बिशपसाहेब गाडीतून उतरले आणि जिन्याकडे वळले.

“दार वर आहे,” पाळकसाहेब म्हणाले. त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. “पण इथून सुरुवात केली तर बरं होईल.”

“इथून? या टायरपासून?”

“हो, टायरपासून.”

बिशपसाहेब वयस्क माणूस. त्यांनी पाळकांच्या तोंडाकडे बघितलं, आणि बाजूला उभ्या असलेल्या आत्यांच्या हातांकडे. मला वाटलं, आता कारण विचारतील, आणि मग सांगावं लागेल, आणि सांगितल्यावर त्यांना ‘नाही’ म्हणावं लागेल. पण त्यांनी विचारलं नाही. त्यांनी डहाळी पाण्यात बुडवली आणि मातीवर शिंपडली. मग, का कोण जाणे, पुन्हा बुडवली आणि पुन्हा शिंपडली, या वेळी अगदी सावकाश.

“माझ्या शटरवर पण दोन थेंब उडवा की साहेब!” टायरवाला ओरडला. सगळे हसले, आणि बिशपसाहेबांनी खरंच उडवले.

जिना चढायला निघताना ते आत्यांपाशी थांबले. “छान माती आहे. काय लावणार यात?”

“काही नाही, साहेब,” आत्या म्हणाल्या. “नुसतं पाणी घालणार.”

वर हॉलमध्ये रबराचा वास होता, खुर्च्या एकमेकींशी जुळत नव्हत्या, पहिल्याच गाण्याला गोटीने भोकाड पसरलं. मी छताकडे नाही बघितलं. पायाखालच्या फरशीकडे बघत राहिले आणि इतक्या मोठ्याने गायले, की पुढच्या रांगेतून सासूबाईंनी वळून पाहिलं.

नंतर नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही त्या गावातून दूर आलो. आत्यांना फोन करते. गुडघ्यांचं विचारलं की म्हणतात, “आहेत की, जागच्या जागी.” तो लोखंडी जिना अगदी उभा चढाचा आहे, पावसात निसरडा होतो. आत्या कापडं वर हॉलमध्येच धुतात आणि पहिल्या पाण्याचा वाडगा दोन्ही हातांत धरून खाली उतरतात. म्हणजे कठडा धरायला हात नाही. मी इथे बसून शनिवारी दुपारी घड्याळाकडे बघत असते.

तेव्हा तुम्ही कधी त्या बाजूला गेलात, आणि टायरच्या दुकानाशेजारी एक लोखंडी जिना दिसला, तर शनिवारी दुपारी जरा थांबा. एक उंच, वाकलेली म्हातारी बाई उतरताना दिसेल. तिच्या हातातला वाडगा घेऊ नका, ती देणार नाही. आधारही देऊ नका, रागावेल. नुसतं तिच्यापुढे एक पायरी खाली उतरत चला, आपल्याच कामाला निघाल्यासारखं. ती खाली पोचली, पाणी ओतून झालं, की मला तेवढं कळवा.